फोटोतली ती रेघ नक्की कुणाची?

मसाई पठार नाहीतर दाजीपूरकडनं काढलेल्या आकाशगंगेच्या फोटोत पांढरी रेघ दिसली की हल्ली सगळे डोळे झाकून "स्टारलिंक" (स्पेसएक्स कंपनीचे इंटरनेट देणारे उपग्रह) म्हणून मोकळे होतात. पण ह्या रेघा लई जुन्या आहेत भावांनो, पार उपग्रह बिपग्रह काही नव्हते तेव्हापासूनच्या.

२७ नोव्हेंबर १८८५ ला प्रागमधे खगोलशास्त्रज्ञ लाडिस्लाउस वाइनेक यांच्या काचेच्या प्लेटवर एक बारकी रेघ उमटली, तो उल्केचा पहिला फोटो मानतात. मग १८९१ ला जर्मनीत खगोलशास्त्रज्ञ माक्स वोल्फनं लांब एक्स्पोजरच्या (बराच वेळ उघडी ठेवलेल्या) प्लेटवर ताऱ्यांमधे एक छोटी रेघ पकडली आणि तो निघाला नवा लघुग्रह, ३२३ ब्रुसिया, फोटोवरनं सापडलेला पहिलाच. म्हणजे तेव्हा रेघ आली तर लॉटरी लागायची, आता आली की शिव्या.

१९५७ ला स्पुटनिक गेला आणि माणसानं केलेल्या रेघा सुरू झाल्या. १९६० चा इको-१ तर ३० मीटरचा चकचकीत फुगाच होता, साध्या डोळ्यांनी दिसायचा. उपग्रहाला स्वतःचा लाईट नसतो, आपल्याकडं अंधार पडला तरी वर पाचशे किलोमीटरवर ऊन असतं त्यामुळं तो चमकतो, म्हणून ह्या रेघा संध्याकाळी आणि पहाटे जास्त येतात. सगळ्यात जास्त फसवलं ते इरिडियम ह्या सॅटेलाईट फोनच्या उपग्रहांनी. १९९७ पासून सोडलेल्या ह्या उपग्रहांचे अँटेना आरशासारखे होते, ऊन बरोबर कोनात आलं की काही सेकंद शुक्रापेक्षाही जास्त झळाळी, फोटोत रेघ मधे जाड दोन्हीकडं निमुळती, हुबेहूब उल्का. कितीजणांनी तसले फोटो उल्का म्हणून मिरवले असतील देव जाणे.

२४ मे २०१९ ला ६० स्टारलिंक एकदम गेले, नेदरलँड्समधे उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्या मार्को लांगब्रुकनं त्यांच्या रांगेचा व्हिडिओ काढला आणि तिथनं बोंबाबोंब सुरू झाली. २०२० ला कंपनीनं एक काळा रंगवून बघितला, मग ऊन अडवायला झडपा लावल्या, फरक पडला पण संख्या हजारांत गेल्यावर काय.

तरी स्टारलिंकला नावं ठेवायच्या आधी शेजारच्या फ्रेम (लागोपाठ काढलेले आधीचे-नंतरचे फोटो) बघा. एकाच फ्रेममधे, टोकाला निमुळती आणि जरा हिरवट असेल तर बहुतेक उल्का. पुढच्या फ्रेममधेही सरळ पुढं सरकली तर उपग्रह, रेघेवर ठराविक अंतरानं ठिपके असतील तर विमान. आणि स्टॅकिंग (बऱ्याच फ्रेम एकावर एक रचून एक फोटो करणं) करताना सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेमपेक्षा फार वेगळं दिसणारं काढून टाकणं) लावलं की रेघा पुसल्या जातात खऱ्या, पण त्यात उल्काही जाते, त्यामुळं मूळ फ्रेम लगेच डिलीट मारू नका.