न्यायालयीन चौकशी लागली, पण कुठली?

कोठडीत कुणी दगावला की ठाण्यात कोर्ट नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरही बातमी पोचते: ‘न्यायालयीन चौकशी लागली.’ मी आधी विचारतो, कुठली? कारण एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी चालतात.

२३ सप्टेंबर २०२४. शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या बदलापूर प्रकरणातल्या आरोपीला घेऊन तळोजा कारागृहातून निघालेली पोलिसांची गाडी मुंब्रा बायपासजवळ आली आणि गाडीतच पोलिसाची गोळी लागून तो मेला. या एका मृत्यूच्या दोन्ही चौकश्या लागल्या.

पहिली न्यायदंडाधिकाऱ्यांची. तिला मोर्चा लागत नाही, मंत्र्यांची घोषणाही लागत नाही. कोठडीत मृत्यू झाला की ती करावीच लागते. आज कलम १९६, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा. पोलिसांचा तपास वेगळा चालतो, ही त्याच्या जोडीला. पूर्वी हे काम प्रांत किंवा तहसीलदार करायचे, म्हणजे सरकारी माणसाची चौकशी सरकारी माणसाकडेच! २००६ पासून ते न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेलं. मला यातली सगळ्यात मोलाची तरतूद वाटते ती नातेवाइकांची: शक्य असेल तिथे त्यांना कळवायचं आणि चौकशीला हजर राहू द्यायचं. शिक्षा मात्र इथे होत नाही.

दुसरी म्हणजे चौकशी आयोग, १९५२ च्या कायद्याखालचा. सरकारला वाटलं तर सरकार नेमतं. विधिमंडळाने ठराव केला तर नेमावाच लागतो. वर बहुधा निवृत्त न्यायमूर्ती असतात, म्हणून लोक ‘न्यायालयीन’ म्हणतात, पण ते न्यायालय नव्हे. मुंब्र्याच्या प्रकरणात माजी मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले नेमले गेले. आयोग शपथपत्रं मागवतो, साक्षी काढतो, पण त्याच्यापुढची कबुली पुढे खटल्यात त्या माणसाविरुद्ध वापरता येत नाही. आमदारांना उपयोगी पडणारा भाग त्यानंतरचा: अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांत सरकारने तो काय कारवाई केली त्याच्या टिपणासह सभागृहाच्या पटलावर ठेवायचा. आमदाराने तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना मांडली की मंत्री उत्तर देऊन मोकळे होतात, इथे अख्खा अहवाल येतो. फक्त घड्याळ मृत्यूपासून नाही, अहवालापासून सुरू होतं आणि आयोगाला मुदतवाढ देता येते. शिवाय निष्कर्ष बांधील नसतात. मुंबई दंगलींवरच्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये पटलावर आला तो तेव्हाच्या सरकारने फेटाळूनच.

मुंब्र्याच्या प्रकरणात हललं ते पहिल्या चौकशीमुळे. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांचा सीलबंद अहवाल उच्च न्यायालयात उघडला; त्यात मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचं म्हटलं होतं. पुढे मृताच्या आई-वडिलांनी आपल्याला प्रकरण लढवायचं नाही असं सांगितलं, तरी न्यायालयाने ते मिटवलं नाही. ७ एप्रिल २०२५ ला विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश झाला. या आदेशाविरुद्ध सरकार मग सर्वोच्च न्यायालयात गेलं.