छोट्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी : सेफ्टी पॉलिसी लिहायची म्हणजे नक्की काय लिहायचं?

नमस्कार. दोन-चार गाड्यांपासून पंधरा-वीस गाड्यांपर्यंतचे आमचे जे कस्टमर आहेत त्यांच्यासाठी हे पत्रक काढलंय. हल्ली मोठ्या कंपन्या वेंडर कोड काढताना, म्हणजे तुम्हाला त्यांच्या यादीत घेताना, सेफ्टी पॉलिसी (गाडी सुरक्षित चालवण्याचे तुमचे लेखी नियम) मागतात, मग घाईघाईत कुठून तरी इंग्रजी चार पानं घेऊन लेटरहेडवर छापली जातात आणि फाईलला लागतात. काम निभावून जातं, पण गाडीवर त्याचा काही उपयोग होत नाही, कारण ड्रायव्हरला त्यातलं काहीच माहीत नसतं.

आमचं सांगणं एवढंच आहे की पॉलिसीत सुरुवातीला मालक काय करणार ते लिहा, ड्रायव्हरने काय करायचं ते नंतर. बहुतेक पॉलिसीत ‘ड्रायव्हरने वेग पाळावा, दारू पिऊ नये, सीट बेल्ट लावावा’ अशी यादी असते. ते पाहिजेच, नाही कोण म्हणतंय. पण रात्री दोनला पार्टीचा, म्हणजे ज्याचा माल आहे त्याचा, फोन येतो, मग तुमचा फोन ड्रायव्हरला जातो ‘कुठं पोचलास, सकाळी सातला गेटवर लागली पाहिजे’, आणि ट्रिपमागे भत्ता असल्यामुळे तोपण डोळे चोळत गाडी हाणतो, तर तिथं ती यादी काय करणार? वेग, झोप, ओव्हरलोड या तिन्हींचा निर्णय बऱ्याचदा ऑफिसातच होतो.

म्हणून आम्ही कस्टमरना हे एक कलम सगळ्यात वर टाकायला सांगतो, शब्द तुमचे वापरा पण मतलब हाच ठेवा : “गाडी चालवण्याच्या लायक नाही किंवा मी चालवण्याच्या अवस्थेत नाही असं ड्रायव्हरला वाटलं तर त्याने सुरक्षित जागी गाडी थांबवायची आणि ऑफिसला कळवायचं. त्यासाठी त्याचा भत्ता कापणार नाही, त्याला कामावरून काढणार नाही, पार्टीशी मालक बोलेल.” याच्याखाली मालकाची सही. हे लिहायला जीवावर येतं हे आम्हाला माहितीये, गाड्यांचे हप्ते असतात आणि लेट झाला की पार्टी भाड्यातून पैसे कापते, पण हे नसेल तर बाकीच्या पानांना अर्थ नाही.

तासांचा हिशोब

१९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यापासून चालत आलेलं गणित असं : दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, लांब पल्ल्याला सूट धरून १० आणि ५४. सलग पाच तास झाले की निदान अर्धा तास विश्रांती, आणि एका दिवसाची ड्युटी संपून दुसरी सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. आता हे तुमच्या रूटवर लावून बघा. नुसता समृद्धी ७०१ किलोमीटर आहे, लोडेड गाडीला ताशी ५० चा ॲव्हरेज धरला तरी १४ तास स्टिअरिंग, त्यात लोडिंगला लाईनीत गेलेला वेळ धरलेलाच नाही. म्हणजे एक ड्रायव्हर असेल तर माल दुसऱ्या दिवशीच पोचणार, आणि हे भाडं ठरवतानाच पार्टीला सांगायला पाहिजे. पॉलिसीत प्रत्येक नेहमीच्या रूटसमोर लिहून टाका किती तास लागतात, मुक्काम कुठे, दोन ड्रायव्हर लागतात का. ‘पुरेशी विश्रांती घ्यावी’ असलं वाक्य लिहू नका, त्याने कोणी झोपत नाही.

घाट आणि न्यूट्रल

यावर जरा जास्त लिहितोय कारण महाराष्ट्रात हा विषय जीवघेणा आहे. बोरघाट, कसारा, खंबाटकी, आणि पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, जिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये एका गाडीने एका झटक्यात कितीतरी वाहनांना धडक दिली. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची किंवा इंजिनच बंद करायचं ही सवय अजून गेलेली नाही. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे धरून ठेवतं, न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर, मग ब्रेकचे ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात, आणि इंजिन बंद असेल तर कॉम्प्रेसर ब्रेकच्या टाकीत हवा भरत नाही, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला की टाकीतली हवा उतरते आणि पॉवर स्टिअरिंगपण जड होतं. नंतर पेपरात ‘ब्रेक फेल’ येतं.

आणि डिझेलचं म्हणाल तर बीएस-४, बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या नव्या कॉमन रेल इंजिनमध्ये (ज्यात डिझेल किती सोडायचं ते इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते) गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. हे ड्रायव्हरला बसवून नीट समजावून सांगा, नुसतं मनाई आहे म्हणू नका. पॉलिसीत असं लिहा : घाट सुरू व्हायच्या आधी थांबून हवेचा काटा बघायचा, जो गिअर चढायला लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा ब्रेक) वापरायचा, इंजिन बंद करायचं नाही. आणि मायलेजवर इनाम देत असाल तर कृपया त्याचा फेरविचार करा, न्यूट्रलची सवय बरेचदा तिथूनच लागते.

माल आणि काटा

ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. आणि हा दंड चालवणाऱ्यासोबत चालवायला लावणाऱ्यालाही लागतो. पॉलिसीत लिहा की आरसीवरच्या वजनाच्या वर माल घ्यायला ड्रायव्हरला कोणीही सांगणार नाही, ब्रोकरपण नाही, आणि लोडिंगनंतर वजनकाटा केल्याशिवाय गाडी निघणार नाही. सळया, पाईप हौद्याच्या बाहेर लोंबत न्यायचे नाहीत. स्टीलच्या कॉइलला चेन आणि दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे पाहिजेत, नुसत्या रस्स्यावर भागवायचं नाही.

गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर

हायवेवर उभ्या ट्रकला मागून धडकून माणसं जातात, त्यामुळे रिफ्लेक्टिव्ह त्रिकोण आणि मागची रेडियम टेप हे गाडी निघायच्या आधीच्या चेकिंगमध्ये आलंच पाहिजे. दगड आणि झाडाच्या फांद्या लावायच्या नाहीत, गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि रात्री एखादा बाईकवाला त्यावर जातो. ढाब्यासमोर लेनमध्ये गाडी लावायची नाही, आत जागा नसेल तर पुढच्या ढाब्यावर.

अपघात झाला तर आधी जखमीला मदत. १०८ ला ॲम्ब्युलन्स, ११२ ला पोलीस, नॅशनल हायवेवर १०३३, हे तीन नंबर केबिनमध्ये चिकटवा. २०२५ पासून अपघातातल्या जखमीला ७ दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचाराची सरकारी योजना आहे, ड्रायव्हरला हे माहीत असू द्या. जमाव मारेल या भीतीने ड्रायव्हर पळतो हे खरंय, त्याला तिथं थांबणं धोक्याचं वाटलं तर सरळ जवळच्या पोलीस स्टेशनला जायचं आणि ऑफिसला फोन करायचा, असं स्पष्ट लिहा म्हणजे ऐनवेळी त्याला विचार करत बसावं लागणार नाही. पोलिसांना आणि इन्शुरन्सला कोण कळवणार, त्या माणसाचं नाव आणि नंबर पण टाका.

लायसन्स, फिटनेस, पीयूसी, इन्शुरन्स, परमिट यांच्या तारखा एका तक्त्यात ठेवा. फिटनेस आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी.

पॉलिसी मराठीत लिहा, ड्रायव्हर यूपी-बिहारचे असतील तर हिंदीतही, आणि वाचता येत नसेल त्याच्यासाठी व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट करून पाठवा. दोन-तीन पानांच्या वर जाऊ देऊ नका.

आमच्याकडे पॉलिसी करून घ्यायला येणार असाल तर सगळ्या गाड्यांच्या आरसी, नेहमीच्या रूटची यादी आणि मागच्या काही महिन्यांची चलनं घेऊन या. आणि जमलं तर तुमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर सोबत आणा, रूटवर कुठे काय अडचण येते हे त्याच्याकडूनच नीट कळतं. त्याच्या त्या दिवसाच्या भत्त्याचं मात्र तुम्ही बघा.