एका छत्रीत दोन उपग्रह : पुण्याच्या गच्च्यांची पूर्वपीठिका

दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री ९३.५ अंशांवरच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे लावायची आणि त्याच छत्रीत ८३ अंशांवरचे टाटा प्लेही घ्यायचे, असा बेत पुण्यात अनेक गच्च्यांवर शिजतो. हे अंश रेखांशाचे. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून खालून तो जागच्या जागी उभा दिसतो. त्यामुळे छत्री एकदा नीट बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही. मग एकाच छत्रीत दोन उपग्रह घ्यायची गरज मुळात आली कुठून? त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

उपग्रहाशी पुणे जिल्ह्याचा संबंध टीव्हीच्याही आधीचा आहे. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीचे विक्रम भू-उपग्रह केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. तिथली छत्री जवळजवळ तीस मीटर व्यासाची, आणि काम परदेशी दूरध्वनीचे. घरातला टीव्ही आला तो सिंहगडावरून. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले, पुढच्याच वर्षी गडावरच्या मनोऱ्यातून ते पुण्यात दिसू लागले, आणि पेठांतल्या कौलांवर काड्यांचे ॲन्टेना सिंहगडाकडे तोंड करून उभे राहिले. छत्रीची कोणाला गरजच नव्हती.

ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी गेला आणि ७४ अंशांवर स्थिरावला. पुण्याचा रेखांश ७३.८६. म्हणजे हा उपग्रह पुणेकरांच्या अगदी थेट दक्षिणेला, क्षितिजापासून ६८ अंश वर होता. या योगायोगाचे मला फार अप्रूप आहे. इन्सॅटसाठी छत्री लावणाऱ्याला पुण्यात दक्षिण तेवढी सापडली की अर्धे काम झाले. एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल टिपणाऱ्या डबीला, पीळही द्यावा लागत नसे, कारण उपग्रह समोर सरळ असला की त्याच्या लहरींचा उभा-आडवा कल आपल्या उभ्या-आडव्याशी जुळतो.

हे चित्र बदलले १९९१ मध्ये. आखाती युद्धाच्या बातम्या परदेशी वाहिनीवर बघण्यासाठी मोठ्या हॉटेलांत छत्र्या बसल्या, त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला, आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही. स्टार आणि झी एशियासॅट-१ वरून येत. हा उपग्रह आधी वेस्टार-६ नावाने गेला होता, चुकीच्या कक्षेत अडकला, १९८४ मध्ये अंतराळवीरांनी तो पकडून जमिनीवर परत आणला आणि १९९० मध्ये चिनी अग्निबाणाने तो नव्या नावाने पुन्हा वर गेला. त्याची जागा होती १०५.५ अंश. पुण्यातून तो पूर्व-आग्नेयेला, फक्त ४८ अंश उंचीवर. दक्षिणेला वर बघणारी छत्री आता पूर्वेला आणि खाली वळली, आणि शेजारची इमारत आडवी येण्याचा प्रश्न सुरू झाला. केबलवाल्यांच्या गच्चीवर आठ-दहा-बारा फुटी जाळीच्या छत्र्या आल्या. त्याच दशकात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस छत्र्या उभ्या राहत होत्या, त्याही तारेच्या जाळीच्याच. लांब लहरींना पत्रा लागत नाही, जाळी पुरते आणि वाराही आरपार जातो.

१९९५ नंतर वाहिन्या विखुरल्या. ऑगस्टमध्ये गेलेला पास-४ उपग्रह ६८.५ अंशांवर, म्हणजे पुण्याच्या दक्षिणेच्याही किंचित पश्चिमेला. नोव्हेंबरमधला एशियासॅट-२ हा १००.५ वर. इन्सॅट मालिका ९३.५ वरही आली. ६८.५ आणि १०५.५ एका छत्रीत मावणे शक्यच नव्हते, म्हणून केबलवाल्याच्या गच्चीवर छत्र्यांची रांग लागली. पण १००.५ आणि १०५.५ यांत अंतर पाचच अंशांचे. केंद्रात एक एलएनबी आणि शेजारी पट्टी ठोकून दुसरा, ही युक्ती तिथे चालली. आज घरच्या छोट्या छत्रीवर जे करतात, ते कसब या केबलच्या पोरांनी पाना हातात घेऊन कमावलेले आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना कोणी देत नाही. युरोपात हीच गरज ॲस्ट्रा (१९.२ अंश) आणि हॉट बर्ड (१३ अंश) यांच्यामुळे निर्माण झाली. एका सेट-टॉप बॉक्सला दोन एलएनबी जोडणारा डायसेक स्विच तिकडूनच आला, युटेलसॅटने नव्वदच्या दशकात आणलेल्या पद्धतीवर.

छोटी छत्री मात्र आपल्याकडे उशिरा आली. तिला लागतात ४८०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरी, आणि १६ जुलै १९९७ च्या अधिसूचनेने त्यांवर टीव्ही घेण्यास बंदी होती. नोव्हेंबर २००० मध्ये डीटीएचला, म्हणजे उपग्रहावरून थेट घरात येणाऱ्या टीव्हीला, परवानगी मिळाली. २००३ मध्ये डिश टीव्ही सुरू झाला तो ९५ अंशांवरच्या एनएसएस-६ वरून, आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनचे डीडी डायरेक्ट प्लस (आताचे फ्री डिश) आले तेही त्याच उपग्रहावरून. एक छत्री, एक एलएनबी, दोन्ही सेवा! ही सोय टिकली नाही. दूरदर्शन पुढे इन्सॅट-४बी वर, ९३.५ अंशांना गेले. टाटा स्काय (आताचे टाटा प्ले) २००६ मध्ये ८३ अंशांवर सुरू झाला होता. पुढे कोणी ८८ वर, कोणी १०८.२ वर. प्रत्येक कंपनीची छत्री वेगळ्या दिशेला, एका सोसायटीच्या गच्चीवर पन्नास छत्र्या, हा पसारा त्या विखुरण्याचा आहे. ग्राहकाच्या सोयीचा विचार त्यात कोणी केला नाही, असे मला ठामपणे वाटते.

आताच्या जोड्यांकडे बघू. ९५ आणि ९३.५ यांत अंतर इतके कमी की साठ सेंटीमीटरच्या छत्रीवर दोन एलएनबी शेजारी बसतच नाहीत. मधोमध लावलेला एकच एलएनबी दोन्हीकडचे थोडे थोडे घेतो. ९३.५ आणि ८३ ही जोडी मात्र नीट जमते. पुण्यातून जीसॅट-१५ हा उत्तरेपासून १३२ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, ५९ अंश उंच. ८३ वरचे उपग्रह १५३ अंशांवर, ६६ अंश उंच. घरच्या छोट्या (ऑफसेट) छत्रीची थाळी दिसायला त्यापेक्षा बरीच उभी असते, कारण एलएनबीचा हात खालून येतो, आणि नवख्याचा घोटाळा इथेच होतो. केंद्रात ९३.५ ठेवायचा. छत्रीच्या मागे उभे राहून आकाशाकडे पाहिले तर ८३ उजवीकडे आणि वर आहे, म्हणून त्याचा एलएनबी डावीकडे आणि खाली जातो, साधारण आठ-दहा सेंटीमीटरवर. पीळही वेगळा. ९३.५ ला जवळपास ४५ अंश, ८३ ला २५. दोन खोल्यांत दोन बॉक्स असतील तर दोन वायरी सरळ खाली आणाव्यात, स्विच लागत नाही. पुण्यात होकायंत्राची उत्तर खऱ्या उत्तरेपासून अंशभरही ढळत नाही, फक्त लोखंडी कठड्यापासून फोन लांब धरावा.

बाजूच्या एलएनबीला सिग्नल कमीच मिळतो. जून-जुलैच्या जोरदार सरीत चित्राचे चौकोन आधी त्याचे पडतात, म्हणून अशक्त उपग्रह नेहमी केंद्रात आणि सशक्त बाजूला. इमारत किंवा झाड आड येते का, हे तपासायला सूर्य कामी येतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत तो उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. सकाळी अकराच्या सुमारास ९३.५ च्या आणि बाराच्या सुमारास ८३ च्या. त्या वेळी थाळीवर ज्याची सावली पडेल, तोच अडथळा.