मॉरिशसमधील आरंभीचा ब्रिटिश अंमल

हिंदी महासागरातील मॉरिशस बेट १८१० मध्ये फ्रेंचांकडून ब्रिटिशांकडे गेले. फ्रेंच अमदानीत त्याचे नाव ईल द फ्रान्स. येथील फ्रेंच जहाजे हिंदुस्थानच्या वाटेवर इंग्रजांचा व्यापारी माल लुटत. हा उपद्रव मोडण्यासाठीच स्वारी झाली. ऑगस्टमध्ये ग्रां पोरच्या आरमारी लढाईत इंग्रजांनी सपाटून मार खाल्ला. नोव्हेंबरअखेर मात्र हिंदी शिपायांसह मोठी फौज उत्तर किनाऱ्यावर उतरली आणि ३ डिसेंबरला गव्हर्नर देकाँ शरण आला.

शरणागतीच्या अटी जेत्याने घातल्या की हरलेल्याने, असा प्रश्न पडावा. फ्रेंच सैनिकांना युद्धकैदी न करता मायदेशी पोचवण्यात आले. रहिवाशांचा धर्म, कायदे व रीतिरिवाज कायम राहिले आणि खाजगी मालमत्तेला अभय मिळाले. या मालमत्तेत गुलामही मोडत, आणि बेटावरील पाचांपैकी चार माणसे गुलाम होती. तेव्हा या उदारपणाचा लाभ कोणाला झाला, हे वेगळे सांगायला नको. पहिला ब्रिटिश गव्हर्नर रॉबर्ट फार्कर याने मळेवाल्यांना सांभाळूनच कारभार केला. गुलामांच्या व्यापारावर १८०७ पासून कायद्याने बंदी असूनही चोरटी आयात बरीच वर्षे चालू राहिली.

१८१४ च्या पॅरिस तहाने शेजारचे बूर्बाँ (आजचे रेयुनियाँ) फ्रान्सला परत मिळाले, मॉरिशस ब्रिटिशांकडेच राहिले. १८२५ मध्ये येथील साखरेवरील जकात वेस्ट इंडिजच्या साखरेइतकी खाली आणली गेली आणि बेटभर ऊस पसरला.

१८३६ मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला, तेव्हा दुकाने फ्रेंच होती आणि इंग्रज साहेबसुद्धा नोकरांशी फ्रेंचमध्ये बोलत. फ्रान्समधले काले बंदर याहून अधिक इंग्रजाळलेले असेल, असे त्याला वाटले. रस्त्यांच्या कामावर त्याला हिंदी कैदी दिसले; बंगाल व मुंबई इलाख्यांतून काळ्या पाण्यावर धाडलेले.

मळेवाल्यांचा जोर १८३२ मध्ये उघड झाला. गुलामगिरीचा विरोधक जॉन जेरेमी सरकारी वकील म्हणून येताच त्यांनी दुकाने व व्यवहार बंद पाडले. त्यांचा म्होरक्या वकील अद्रियँ देपिने. गव्हर्नरने नमते घेऊन जेरेमीला परत पाठवले. पुढच्या वर्षी तो फौजेच्या बंदोबस्तात आला, पण टिकला नाही. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी रद्द झाली, तीही मालकांना वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई देऊन. मुक्त झालेल्यांच्या हाती काही पडले नाही. उलट सक्तीची उमेदवारी, म्हणजे जुन्याच मालकाकडे बांधून राबणे, १८३९ पर्यंत त्यांच्या मानगुटीवर राहिली.

मळ्यांवर मजूर हवे होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, येऊ लागले; पुढे मुंबई बंदरातून कोकणातील मराठी माणसेही गेली. राज्य इंग्रजांचे असले तरी मळ्यावर या मजुरांच्या कानी पडे ती फ्रेंचमधून घडलेली क्रिओल बोली. वरिष्ठ न्यायालयांत इंग्रजी सक्तीची झाली ती १८४७ मध्ये. दिवाणी कायदा मात्र नेपोलियनच्या संहितेचाच राहिला आणि त्यावरील अपिले लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ अपील न्यायालयाकडे जात राहिली.