घुमटाचा डावा हात आणि गिटारमधला सिंथ

चवथीच्या आरतीला घुमट, म्हणजे एका तोंडावर चामडे ताणलेले गोव्याचे मडक्याचे वाद्य, वाजवणाऱ्याचा उजवा हात सगळे बघतात. थाप तिथे पडते, ठेका तिथे धरला जातो. एकदा डाव्या हाताकडे बघा. मडक्याच्या मागच्या उघड्या तोंडावर तो मिटतो, उघडतो, अर्धवट थांबतो, आणि एरवी सारखीच पडणारी थाप कधी ‘घूं’ अशी खोल जाते, कधी ‘घंव’ करून वर उचलली जाते. चामडे तेच, जोर तोच. बदलते ते मडक्यातल्या हवेचे घुमणे. सिंथेसायझरमध्ये, म्हणजे विजेने स्वर घडवणाऱ्या सिंथ नावाच्या वाद्यात, हेच काम करणाऱ्या भागाला फिल्टर म्हणतात. गिटारमधून सिंथसारखा आवाज काढायला कोणते पेडल (गिटारच्या वायरीत जोडायचा, आवाज बदलणारा डबा) घेऊ, असे फोंड्याची, म्हापशाची मुले विचारतात तेव्हा मी आधी त्यांना घुमटाच्या डाव्या हाताकडे पाठवतो.

गोव्यातल्या हणजूणच्या किनाऱ्यावरून नव्वदच्या दशकात जगभर गेलेल्या ट्रान्स या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात एक चिवट, वळवळणारा, किंचाळता-किंचाळता दबणारा आवाज आहे. त्यातला बराचसा रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या छोट्या यंत्रातून आला. गंमत अशी, की १९८१च्या सुमारास हे यंत्र निघाले ते एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून. ती साथ गिटारवाल्यांना पटली नाही आणि १९८४पर्यंत उत्पादन बंदही झाले. मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी मात्र १९८२मध्येच या यंत्राच्या साथीने राग वाजवून ध्वनिमुद्रण केले होते. पुढे शिकागोच्या पोरांनी त्याचे नॉब वाजवता-वाजवता फिरवले आणि हा नवा आवाज चालू झाला. गिटारवाल्यांनी नाकारलेल्या यंत्राचा आवाज आज गिटारवालेच पेडलमधून शोधत बसले आहेत.

आता गिटारची अडचण. तार छेडली की आधी नखाचा ‘टक्’, मग भरलेला स्वर, मग हळूहळू विझणे. सिंथ तसा विझत नाही. पट्टी दाबून ठेवाल तोवर स्वर सरळ उभा आणि सोडली की गप्प. शिवाय तारेच्या ध्वनीची लाट गोलसर, बदलत जाणारी. सिंथची काटकोनी किंवा करवतीच्या दातांसारखी, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तशीच.

काटकोनी लाट फुकटात देणारे पेडल म्हणजे फझ. १९६२मध्ये माएस्ट्रो कंपनीचा एफझेड-१ बाजारात आला तेव्हा तो पितळी वाद्यांची नक्कल करतो अशी त्याची जाहिरात होती, म्हणजे गिटार सोडून दुसरेच काही वाजावे ही हाव जुनीच आहे. फझ गिटारचा चिमूटभर सिग्नल प्रचंड वाढवतो आणि ट्रान्झिस्टरला झेपेल त्यापुढचा भाग छाटून टाकतो. वरचे आणि खालचे शेंडे सपाट झाले की लाट चौकोनी होते. ए तारेचा स्वर ११० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ११० कंप. चौकोनी लाटेत त्याच्याबरोबर ३३०, ५५०, ७७० असे विषम पटींतले उपस्वर उभे राहतात. बँडातल्या क्लॅरिनेटच्या खालच्या स्वरांचा पोकळपणा असाच येतो, तिथेही विषम उपस्वरांचेच राज्य असते. दुसरा फायदा असा, की तार विझत आली तरी छाटण्यापुरता जोर तिच्यात असेपर्यंत आवाजाची उंची ढळत नाही. म्हणून सिंथसाठी फझ निवडताना मी गोडवा बघत नाही. शेवटी जो कात्रीने कापल्यासारखा तुटतो, तो फझ घ्यावा. रॉक वाजवणारे त्यालाच बिघडलेला म्हणतील.

फझवर एका वेळी एकच स्वर वाजवायचा, हे मात्र पाळावे लागते. दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वर जन्मतात. ११० आणि १६५, म्हणजे सा आणि प, वाजवलेत तर वजाबाकी ५५, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा, कानाला मेजवानी. तेच सा आणि ग वाजवा: ११० आणि साधारण १३९, वजाबाकी २९च्या आसपास, आणि सगळा चिखल.

खर्ज हवा असेल तर ऑक्टेव्ह पेडल. जुन्या ॲनालॉग पेडलमध्ये, उदाहरणार्थ बॉस कंपनीच्या १९८२च्या ओसी-२मध्ये, फ्लिप-फ्लॉप नावाची मांडणी असते. दोरी ओढून लावायचा दिवा आठवा: एकदा ओढली की लागतो, पुन्हा ओढली की विझतो. दोन ओढींत दिव्याची एक फेरी. तारेच्या दोन कंपांमागे फ्लिप-फ्लॉपची एक फेरी होते, आणि स्वर एक सप्तक खाली येतो. दोन तारा एकदम वाजल्या की बिचाऱ्याची मोजणी चुकते आणि पेडल ढेकर दिल्यासारखे करते. मानेकडचा पिकअप (तारेचे कंप विजेत बदलणारा भाग), टोनचा नॉब जवळजवळ बंद, आणि मानेवरच्या पाचव्या आडपट्टीच्या (फ्रेटच्या) वरचे सुटे स्वर. एवढे पाळले की ते शहाण्यासारखे वागते. त्याला स्वच्छ सिग्नल लागतो, म्हणून माझ्या पेडलांच्या रांगेत ते फझच्या आधी असते.

उरला घुमटाचा डावा हात. सिंथचा नेहमीचा फिल्टर लो-पास असतो: ठरावीक उंचीच्या वरचे उपस्वर तो अडवतो, खालचे सोडतो. रेझोनन्स वाढवला की त्या सीमेजवळचे उपस्वर फुगतात, आणि सीमा सरकवली की ‘वाँव’. स्थिर फिल्टर कुणाच्या लक्षातही येत नाही. कान पकडतो तो सरकण्याला. १९७२च्या म्यू-ट्रॉन थ्रीपासून एन्व्हलप फिल्टर नावाची जात आहे, तिच्यात तुम्ही जितक्या जोरात छेडाल तितकी सीमा वर जाते. पायाने वरखाली हलवायचे वा-वा पेडलही फिल्टरच, पण ते खालचे स्वरही खाते, त्यामुळे माणूस बोलल्यासारखे वाटते, बासचा सिंथ होत नाही.

इथे बहुतेक जण फसतात, मीही फसलो होतो. फिल्टर फझच्या पुढे लावला की त्याला चावायला भरपूर उपस्वर मिळतात, पण फझने जोराचा चढउतारच सपाट केलेला असतो, मग फिल्टरला हलायला कारण उरत नाही. आधी लावला तर हलतो, पण त्याला खायला काही नाही. यातून वाट अशी, की फझच्या पुढचा असा फिल्टर घ्या ज्याची सीमा पायाने, स्वतःच्या हेलकाव्याने किंवा वेगळ्या वायरीतून आलेल्या मूळ, न छाटलेल्या सिग्नलने हलवता येते. फिल्टर विकत घेताना मी आधी मागच्या बाजूची अशा वायरी लावायची भोके मोजतो. सत्तरच्या दशकातल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या मायक्रो सिंथेसायझरमध्ये खालचे-वरचे सप्तक, चौकोनी लाट, ‘टक्’ घालवणारा अटॅक आणि सरकता फिल्टर असे सगळे एकाच डब्यात आहे. घोळ नको असेल तर तोच बरा.

पैसे एकाच पेडलचे असतील तर फिल्टर घ्या. फझ कुणाचाही उसना चालतो. कोरस, म्हणजे स्वराला त्याचीच किंचित हेलकावणारी जोड देणारे पेडल, शेवटी, जमले तर.

डिजिटल पेडलमध्ये हे सगळे सोपे आहे, मान्य. पण स्वर ओळखून मग दुसराच आवाज वाजवणाऱ्या यंत्राला निदान एक पूर्ण कंप ऐकावा लागतो, आणि जाड ई तारेचा एक कंप म्हणजे १२ मिलिसेकंद. बोटाला ते कळते. फझला काही ओळखायचे नसते, तो फक्त छाटतो.

आपल्या हवेचे एक सांगायचे राहिले. जुन्या धर्तीच्या फझमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांतली विजेची गळती उष्णतेने भराभर वाढते, साधारण दर दहा अंशांना दुप्पट. मे महिन्यात पत्र्याच्या मांडवात असा फझ घुसमटतो किंवा नुसताच फुरफुरतो. गोव्यात सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरचाच घ्यावा. माझा जर्मेनियमवाला डिसेंबरात बाहेर निघतो, आणि पावसाळाभर सिलिका जेलच्या पुड्यांसकट बिस्किटांच्या डब्यात असतो.