रंग विटला, पण कार्बन किती गेला?

कडब्याची गंजी पावसात भिजली की बुडातून फिकट चहासारखं पाणी झिरपतं. या रंगात ताटांमधल्या लिग्निनचे तुकडे असतात. शिवारातला असा अर्क गोदावरीत उतरतो, नांदेडवरून बंगालच्या उपसागराकडे निघतो आणि उन्हात लुगड्यासारखा विटत जातो.

लिग्निनमधली कार्बनची कडी २८० ते ४०० नॅनोमीटरची अतिनील किरणं शोषते. कधी ती थेट तुटते, कधी या ऊर्जेने चेतलेला ऑक्सिजन तिला फोडतो. थोडा कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो, त्याहून कमी मोनॉक्साइड होऊन. उरलेल्यातून फॉर्माल्डिहाइड, पायरुव्हेट असे बारके घास निघतात आणि जिवाणू ते फस्त करतात. खरं काम इथेच होतं: ऊन भाकरी मोडून देतं, खाणारे वेगळेच. (ताज्या शेवाळाचा अर्क मात्र उन्हाने कधीकधी उलट चिवट होतो.)

हे मोजायचं तर पाणी आधी ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं, म्हणजे बहुतेक जिवाणू वगळले जातात. मग ते नळ्यांत भरून वाहत्या पाण्यात, उन्हात ठेवायचं. नळ्या क्वार्ट्झच्याच हव्यात. साधी काच ३२० नॅनोमीटरखालची बरीच किरणं अडवते. नळ्या ४५० अंशांवर चार तास भाजून घ्यायच्या, नाहीतर बोटाचा तेलकट ठसाही कार्बन म्हणून मोजला जातो. जोडीला फॉइलमध्ये गुंडाळलेल्या नळ्या त्याच वाहत्या पाण्यात ठेवायच्या. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात हे चुकलं की उष्णतेची करामत प्रकाशाच्या नावावर जाते.

खरी फसगत पुढे होते. रंग निम्म्यावर येतो तेव्हा कार्बन त्यामानाने फारच थोडा घटलेला असतो, कारण कडी फुटली की रंग जातो, तुकडे पाण्यातच राहतात. म्हणून नुसता रंग मोजून भागत नाही. नमुना आम्लाने पीएच २ वर आणून त्यातून कार्बनविरहित वायूचे बुडबुडे सोडायचे, म्हणजे कार्बोनेटमधला कार्बन वायू होऊन निघून जातो, मग सुमारे ७०० अंशांवर जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. बुडबुड्यांत घाई केली तर सगळं मुसळ केरात: खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर लिटरमागे सेंद्रिय कार्बन एक मिलिग्रॅमच्या आत, तर कार्बोनेट-बायकार्बोनेटमधला कार्बन त्याच्या पंचवीसपट किंवा जास्तच.

समुद्रभर असा विरघळलेला सेंद्रिय कार्बन सुमारे ६६० अब्ज टन आहे. तो बहुतांशी सागरी शेवाळातूनच आलेला. कडब्याचा वाटा अगदी किरकोळ. खोल पाण्यातल्याचं रेडिओकार्बन वय ४,००० ते ६,००० वर्षं भरतं. तिथवर ऊन पोचतच नाही: स्वच्छ निळ्या समुद्रातही अतिनील किरणं काही डझन मीटरच उतरतात आणि पावसाळ्यात गढूळलेल्या नदीमुखाशी तर हात-दीड हातातच संपतात.