चरित्र अभिनेत्याच्या चित्रपटांची क्रमवारी : नागपूर व सी. पी. बेरार सर्किट

एखाद्या चरित्र अभिनेत्याच्या अनेक चित्रपटांची लोकप्रियता आणि गुणवत्ता या दोन निकषांवर केलेली प्रतवारी. नायकाच्या चित्रपटांची क्रमवारी तिकीटविक्रीवरून लावली तर फारसे बिघडत नाही. प्रेक्षक मुख्यत्वे त्याच्यासाठी थिएटरात येतो असे धरता येते. चरित्र अभिनेत्याला हे गृहीतक लागू पडत नाही. तो वर्षाला आठदहा चित्रपटांत असतो, त्यांपैकी काहींत दोनच प्रसंगांपुरता, आणि चित्रपट चालला तरी तो त्याच्यामुळे चालला असे क्वचितच म्हणता येते. म्हणून चित्रपटाची लोकप्रियता आणि भूमिकेला मिळालेली मान्यता यांच्या नोंदी आधी स्वतंत्र कराव्यात आणि मगच त्या एकत्र आणाव्यात. प्रस्तुत नोंदीत ही पद्धत विदर्भाच्या, विशेषतः नागपूरच्या संदर्भात मांडली आहे. उदाहरणासाठी मराठी-हिंदी चित्रपटांतील अभिनेते निळू फुले (१९३०–२००९) यांची कारकीर्द घेतली आहे.

मान्यतेची नोंद पुरस्कारांपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. फिल्मफेअरने सहायक अभिनेत्यासाठीचा पुरस्कार १९५५ मध्ये प्रथम दिला. तो ‘बूट पॉलिश’मधील भूमिकेसाठी डेव्हिड यांना मिळाला. राष्ट्रीय पुरस्कारांत हा विभाग बराच उशिरा, १९८४ च्या चित्रपटांपासून आला. त्याआधीच्या काळात कामे केलेल्या अभिनेत्यांना राष्ट्रीय पातळीवर या वर्गात मान मिळण्याची सोयच नव्हती. त्यामुळे पुरस्कारांची संख्या मोजून १९७० च्या दशकातील भूमिका १९९० च्या दशकातील भूमिकांखाली ढकलणे अन्यायाचे ठरते. अनेक याद्यांत नेमके तेच झालेले दिसते.

लोकप्रियतेचे जुने माप आठवड्यांचे. सलग २५ आठवडे चाललेला चित्रपट रौप्यमहोत्सवी, ५० आठवड्यांचा सुवर्णमहोत्सवी. दादा कोंडके यांच्या ओळीने नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाची गिनेसमध्ये झालेली नोंद याच मापावर उभी आहे. नागपुरात हे आठवडे मोजायचे तर दैनिकांच्या जाहिराती हे हाताशी असलेले मुख्य साधन. सीताबर्डीतील व्हरायटी व जानकी, सदरमधील लिबर्टी व स्मृती, वर्धा मार्गावरील पंचशील अशा थिएटरांच्या चौकटी वाचताना केवळ ‘आठवडा १४ वा’ एवढ्यावर थांबू नये. त्याखाली बारीक अक्षरांत ‘रोज ३ खेळ’ आहे की ‘रोज १ खेळ, दु. १२ वा.’ आहे हे पाहावे. नवे चित्र लागले की जुने दुपारच्या एका खेळावर नेण्याची रीत होती. तसे गेले तरी आठवड्यांची मोजणी सुरूच राही. सहा आठवडे तीन खेळांनी आणि पुढचे वीस आठवडे एका खेळाने चाललेल्या चित्रपटाचे एकूण ३८ खेळ-आठवडे (रोजचे खेळ गुणिले आठवडे) होतात. तीन खेळांनी चौदा आठवडे चालून उतरलेल्याचे ४२. जाहिरातीत मात्र पहिला रौप्यमहोत्सवी ठरतो. खेळ-आठवडा हे माप अधिक न्याय्य आहे, आणि शक्य तेथे तेच वापरावे.

या मोजणीत विदर्भाचा प्रश्न वेगळा आणि गुंतागुंतीचा आहे. चित्रपटाचे हक्क सर्किटवार, म्हणजे वितरणासाठी ठरलेल्या प्रदेशांनुसार, विकले जात आले. मिनिमम गॅरंटीवर (किमान रकमेच्या हमीवर), कमिशनवर किंवा एकरकमी. नागपूर येते ते सी. पी. बेरार सर्किटमध्ये, तर मुंबई-पुणे बॉम्बे सर्किटमध्ये. मराठवाडा निजाम सर्किटमध्ये धरला जातो. सी. पी. बेरार हे नाव जुन्या प्रांताचे. मध्य प्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला व नागपूर त्याची राजधानी झाली. निजामाकडून आलेला वऱ्हाड १९०३ मध्ये त्याला जोडला गेला. ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ हे अधिकृत नाव १९३६ चे. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. वितरकांच्या वह्यांत मात्र जुनेच नाव राहिले.

सर्किटची सीमा प्रांताच्या सीमेवरून आखली गेली, असे सर्रास सांगितले जाते. नावावरून ते पटण्यासारखे आहे. पण या व्यवसायाच्या संघटनेचे, म्हणजे सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे, मुख्य ठाणे भुसावळ. आणि भुसावळ, किंबहुना सगळा खानदेश, कधीच मध्य प्रांतात नव्हता. तो मुंबई इलाख्याचा भाग होता. येथे रेल्वेकडे पाहावे लागते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा नागपूरकडे जाणारा फाटा आणि इटारसीमार्गे जबलपूरकडे जाणारा फाटा भुसावळलाच वेगळे होतात. पहिला १८६७ च्या सुमारास नागपूरला पोचला, दुसरा १८७० मध्ये जबलपूरला. रिळांचे डबे रेल्वेने फिरत असताना दोन्ही फाट्यांना माल पुरवण्यासाठी भुसावळ सोयीचे होते. प्रांताने नाव दिले आणि रेल्वेने आकार दिला, हा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. आरंभाचे नेमके वर्ष ठरवण्यापेक्षा ही व्यवस्था स्वातंत्र्यापूर्वीच्या दोनतीन दशकांत हळूहळू घडली असे मानणे सुरक्षित.

क्रमवारीवर याचा थेट परिणाम होतो. मराठी चित्रपटाचे ‘महाराष्ट्रातील यश’ म्हणून जो आकडा फिरतो तो बहुधा बॉम्बे सर्किटचा असतो. नागपूर, अमरावती, चंद्रपूरची कमाई त्याच सी. पी. बेरार सर्किटमधील रायपूर-जबलपूरच्या वहीत जमा होते. हिंदी चित्रपटाला त्याने फरक पडत नाही. मराठी चित्रपटाला छत्तीसगडात प्रेक्षक जवळजवळ नसल्याने सर्किटचा सरासरी आकडा खाली येतो आणि विदर्भात तो पडला असा चुकीचा समज होतो. मराठी अभिनेत्याची यादी करणाऱ्याने विदर्भाचे अकरा जिल्हे वेगळे काढलेच पाहिजेत. ते न करता केलेली ‘महाराष्ट्राची’ यादी निम्म्या वाटेवरची आहे.

निळू फुले यांच्याबाबत हे सर्व मुद्दे एकत्र येतात. मराठी-हिंदी मिळून सुमारे अडीचशे चित्रपट, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) मधील झेलेअण्णांपासून त्यांची चित्रपटांतील ओळख सुरू झाली. निव्वळ गल्ल्यावर यादी केली तर ‘कुली’ (१९८३) अगदी वर येईल. तो त्या वर्षीच्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांपैकी होता. चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांना झालेल्या अपघातामुळे त्याच्याविषयीचे कुतूहल देशभर पसरले होते. त्यात फुले यांचा वाटा मर्यादित आहे. ‘पिंजरा’ (१९७२) लोकप्रियही होता आणि राष्ट्रीय पुरस्कारप्राप्तही. पण तेथे भार श्रीराम लागू व संध्या यांच्यावर. दोन्ही निकषांवर खरोखर टिकतो तो ‘सामना’ (१९७४). जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, विजय तेंडुलकर यांचे लेखन, उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात निवड, एवढे त्याच्या बाजूने आहे. हिंदुराव धोंडे पाटील ही भूमिका मात्र दोन प्रमुख भूमिकांपैकी एक, म्हणजे काटेकोरपणे चरित्र भूमिका नव्हे. ती वगळली तर ‘सिंहासन’ (१९७९) मधील पत्रकार दिगू टिपणीस पहिल्या स्थानी ठेवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सत्तेची सगळी उलाढाल दिगू पाहतो, ऐकतो, टिपतो. त्याला फार बोलावे लागत नाही. पाटलाचा बेरकी आवाज आणि तिरकी नजर ही हुकमी साधने बाजूला ठेवून फुले यांनी तो उभा केला आहे. ‘सारांश’ (१९८४) मधील गजानन चित्रे त्याखालोखाल.

नागपूरकर प्रेक्षकापुरती एक नोंद आवश्यक आहे. हिंदुरावाचे जग सहकारी साखर कारखान्याचे, पश्चिम महाराष्ट्राचे. नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात गावची सत्ता १९५१ पर्यंत मालगुजाराच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या, वाड्यात होती. मालगुजारी गेली तरी वाडा आणि दरारा लोकांच्या स्मरणात होता. येथील प्रेक्षकाने पडद्यावरचा पाटील त्या स्मृतीतून वाचला असावा. ‘बाई, वाड्यावर या’ हे नकलाकारांनी घरोघर पोचवलेले वाक्य मूळ कोणत्या चित्रपटातले याबाबत एकमत नाही. ही लोकप्रियता अभिनेत्याची आहे, एका चित्रपटाच्या खात्यावर ती टाकता येत नाही, आणि कोणत्याही यादीत ती बसत नाही.

आता बहुतेक याद्या संकेतस्थळांवरील प्रेक्षक-गुणांवर केल्या जातात. तेथे थोड्या मतांचा चित्रपट अवास्तव वर जाऊ नये म्हणून भारित सरासरी वापरतात : चित्रपटाच्या मतांत ठरावीक संख्येची, एकूण सरासरीइतक्या गुणांची मते मिळवून पुन्हा सरासरी काढायची. समजा, एका चित्रपटाला ४० मतांतून ९ गुण आहेत, दुसऱ्याला ४,००० मतांतून ८. एकूण सरासरी ६.५ आणि मिळवायची मते ५००. पहिल्याचे गुण सुमारे ६.७ होतात, दुसऱ्याचे ७.८. पद्धत गणिताने निर्दोष आहे. परंतु १९७० च्या दशकातील मराठी चित्रपटांना मतेच थोडी पडतात, त्यामुळे ते सारे सरासरीकडे ओढले जाऊन एकमेकांना चिकटतात आणि हिंदी चित्रपटांतील किरकोळ कामे त्यांच्या वर बसतात. मराठी आणि हिंदी चित्रपटांची सरासरी वेगवेगळी धरली तर हा दोष बराच कमी होतो.

जत्रांतील फिरत्या टॉकीजचे खेळ आठवड्यांच्या मापात येत नाहीत. दूरदर्शनवरील प्रक्षेपणांचेही तसेच. रंगभूमीवरील काम, फुले यांच्या बाबतीत ‘सखाराम बाइंडर’, चित्रपटांच्या यादीबाहेर ठेवतात. त्यांना रंगभूमीसाठी मिळालेला १९९१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कारही त्यामुळे या हिशेबात धरू नये.